अर्धं पाणी तळ्याला

कोलोनमध्ये मी पीएचडी करत होते, तेव्हा माझा विषय ऐकला की घरचे कपाळाला हात लावायचे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची पाण्यावरची मालकी! आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई तर म्हणाल्याच, "जर्मनीत बसून तिकडच्या पाण्याचा हिशेब? उंटावरून शेळ्या हाकतेस की काय?" मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं.

विषय तसा अवघड नव्हता. तिकडे पाणी जमिनीपासून सुटं काढून शेअरसारखं विकता येत होतं. वाटप झालं ते आधीपासून परवाना असलेल्यांना, आणि परवाने होते जमीनवाल्यांकडे. आदिवासींच्या जमिनी केव्हाच गेलेल्या. मग आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एखाद्या वस्तीला हक्क मिळालाच तर तो कसा वापरावा, एवढंच मी मांडत होते.

अशाच एका वस्तीतल्या बाई आमच्या सेमिनारला आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, थंडीनं पार गारठलेल्या. बरीच खटपट करून त्यांच्या वस्तीनं थोड्या पाण्याचा परवाना मिळवला होता. बाई परतल्या की लगेच वस्तीची बैठक होती. ते पाणी वरच्या अंगाच्या कापूसवाल्यांना भाड्यानं द्यायचं, की नदीकाठच्या आटलेल्या तळ्यात सोडायचं? बाईंची म्हातारी आई त्या तळ्याकाठी वाढलेली. तिचे आता फार दिवस उरले नव्हते आणि तिला तळं भरलेलं बघायचं होतं.

प्रोफेसर म्हणाले, "आल्झो, तर मग सगळं भाड्यानं द्या. त्यातून वस्तीत दवाखाना उभा राहील." बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर जास्त चीड आली. बाई मान डोलावत राहिल्या. समोरच्या केकला त्यांनी हातही लावला नाही.

संध्याकाळी त्यांना ट्रामनं घरी घेऊन आले. सासूबाईंनी वरणभात वाढला. "अहो आई, त्यांना तिखट चालतं का विचारू तरी द्या," मी म्हटलं. "वरणात कसलं आलंय तिखट? तूप घातलंय, गप जेवू दे तिला." बाईंनी दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर मी सुरू केलं की सगळं पाणी तळ्यात सोडा, प्रोफेसरांचं ऐकू नका. बाईंनी मला हातानंच थांबवलं. परवाना नुसता ठेवला तरी सरकारला दरवर्षी फी द्यावी लागायची, पाणी वापरा नाहीतर नदीत राहू द्या. वस्तीकडे दुसरं उत्पन्न नव्हतं. "बरोबर काय ते राहू दे," त्या म्हणाल्या. "फी भागण्यापुरतं किती भाड्यानं द्यावं लागेल, तेवढं काढून दे."

आम्ही दोघी टेबलाशी बसलो. ओलं वर्ष धरलं, कोरडं वर्ष धरलं. दुष्काळात भाव चढतो, पण वाट्याला पाणीच कमी येतं. कसंही फिरवलं तरी निम्म्याच्या आसपास येत होतं. सासूबाईंनी भांडी घासता घासता विचारलं, मी सांगितलं. "म्हणजे स्वतःचं पाणी स्वतःच्या तळ्यात ठेवायला निम्मं विकायचं? हात् मेल्यांनो!" बाईंना मराठी कळत नव्हतं, तरी त्या मोठ्यानं हसल्या.

बैठकीत निम्म्या-निम्म्याचं ठरलं. प्रोफेसरांना सांगितलं तर "गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणाले, जणू त्यांचाच सल्ला होता! तिकडचा उन्हाळा सरला तेव्हा मी बाईंना फोन केला.

"आईला नेलंत?"

"नेलं. काठावर खुर्ची टाकून बसवलं. पाणी आलंय, पक्षीही आलेत. बराच वेळ बघत बसली होती."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, छान आहे. बाकीचं कधी येणार?"

मग विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"येतंय म्हटलं. दुसरं काय सांगणार?"