कुंकू न लागलेली जागा

टाइप करायला बसण्याआधी मामा दोन्ही हातांची बोटं शर्टाला पुसायचे आणि कीबोर्डला विचारायचे, "निघायचं का गड्या?" बैल जुंपावा तसं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, माणसांशी कमी आणि अवजारांशी जास्त बोलणारा.

मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, मूळचे उंब्रजचे. साताऱ्यातल्या एका छापखान्यात मराठी टाइप करायचे. त्यांचा कीबोर्ड परातीएवढा, खटखट वाजणारा. दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची, पण कुंकू खालच्या अंगाला. "अक्षरावर नगं. बोटाला लागतंय, मग कागदाला."

तिथला कॉम्प्युटर मी दुरुस्त करायचो. म्हणजे, उघडायचो नक्की.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मालकांनी लॅपटॉप आणला. त्याच्या मऊ, चपट्या बटणांवर मामांची बोटं घसरू लागली. एका 'क'चे तीन 'क' उमटायचे. मेढ्याच्या एका शाळेची स्मरणिका अडली. मालक म्हणाले, "मामा, सोमवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मामांच्या आधी बोललो मी. "त्यात काय, जुना कीबोर्डच जोडू की!"

जोडायला गेलो तर कीबोर्डची पिन अंगठ्याएवढी जाड आणि लॅपटॉपच्या भोकात करंगळी जाईना. मध्ये अ‍ॅडॉप्टर हवा. साताऱ्यात मिळेना. एसटीनं सांगली गाठली आणि सुपारीएवढा अ‍ॅडॉप्टर खिशात घालून गड जिंकल्यासारखा परतलो.

सोमवारी सकाळी, नव्या लॅपटॉपशेजारी जुनं ध्यान जरा बरं दिसावं म्हणून, कीबोर्ड पालथा घालून वाळलेलं कुंकू मी स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं; खाचांतलं तेवढं राहिलं. मग अ‍ॅडॉप्टर लावून लॅपटॉप चालू केला. एक अक्षर उमटेल तर शपथ. बंद केला, पुन्हा लावला. नाहीच. मालक दारात उभे. मी डॉक्टरासारखा चेहरा करून सांगितलं, "कीबोर्ड गेला."

मामांनी बोटं शर्टाला पुसली. या वेळी विचारलं काहीच नाही. बैलाचा खूर बघावा तसा कीबोर्ड उचलून पालथा केला. खाली एका खाचेत इकडून तिकडे सरकणारी बारीकशी खुटी होती, कीबोर्ड कोणत्या पिढीच्या कॉम्प्युटरला लावायचा ते ठरवणारी. इतक्या वर्षांत मी ती पाहिलीही नव्हती.

"ही खुटी हिकडं कशी आली रं?" मामा हळूच म्हणाले. "खाचेत कुंकू अर्ध्यातच हाय. जिथं न्हाई, तिथं ही बसल्याली हुती. इतक्या वर्साचं कुंकू खोटं बोलंल व्हय?"

माझा स्क्रूड्रायव्हर मी पाठीमागं लपवला.

त्यांनी नखानं खुटी सरकवली. मी लॅपटॉप बंद करून चालू केला.

"निघायचं का गड्या?"

खट्. पडद्यावर एक 'क'. एकच. मामांनी सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. माझा बहुधा पोवई नाक्यापर्यंत गेला असेल.

"झालं तरी काय होतं?" मालकांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "काय न्हाई, मालक. अ‍ॅडॉप्टर सांगलीस्नं एसटीनं आलाय. दमला असंल."

स्मरणिका वेळेत गेली, आणि मामा स्वतःहून थांबेपर्यंत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही.

आता मामा नाहीत. कीबोर्ड माझ्याकडे आहे, कुठल्याच मशीनला न लागणारा. खंडेनवमीला मी तो पालथा घालतो, खुटी जागेवर आहे ना ते नखानं चाचपतो आणि मगच कुंकू लावतो. स्क्रूड्रायव्हरची पूजा मात्र दुसऱ्या खोलीत.