पोळ्याच्या दिवशीचं मतदान

निजामाच्या राजवटीत आमच्याकडं एकदा तालुक्याच्या बोर्डासाठी मतदान झालं, तेही भोकरदनच्या कचेरीत आणि नेमकं पोळ्याला. मत फक्त ज्याच्या नावावर जमीन किंवा दुकान त्यालाच, म्हणजे आमच्या गावात बहुतेक म्हाताऱ्यांना. गुडघाभर काळ्या चिखलातून ते गाडीशिवाय जाणार कसे? आणि पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं कुणाच्या मनातही येईना.

"कचेरीत खटल्याची पेशी पुढं ढकलतेत की," गावचे पाटील अप्पा म्हणाले, "मंग मत बी उद्या देऊ."

साऱ्या गावाला ते बराबर वाटलं. मलाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी जुंपली. मागं गावच्या साऱ्या गाड्या. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. कचेरीपुढं गुलाल सांडलेला. तिथले व्यापारी काल चहा पिऊन चार पावलं चालत आले होते, मतं देऊन घरी गेले होते. त्यांचाच माणूस निवडून आला. खेड्यांची मतं कितीतरी जास्त होती, पण ती गोठ्यात बैलांना पुरणपोळी चारत बसली होती.

"कल आना था, पाटील," कारकून हसून म्हणाला.

निवडून आलेल्यानं पुढं पक्की सडक केली. बाजारापासून कचेरीपर्यंत.