आई जिवंत असताना

नोकरीच्या काळात किती तक्रारी ऐकल्या याचा हिशेब नाही. बहुतेक विसरलोही. ही एक मात्र निवृत्तीनंतरही मनातून गेलेली नाही. यातल्या कुणाचं नाव मी सांगणार नाही. त्यातली मुलगी आता मोठी होते आहे, आणि तिला पुढे तिचं स्वतःचं आयुष्य जगायचं आहे.

तेव्हा मी मुलुंड भागातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून, बंदोबस्ताची वाटणी करून मी केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी कुणीतरी चढ्या आवाजात बोलत होतं. थोड्या वेळानं हवालदार आत आला. त्याला हसावं की गंभीर व्हावं ते कळत नव्हतं.

"साहेब, तुम्हीच बघा जरा. तो माणूस म्हणतोय, बहिणीच्या मयताला आलोय. आणि बहीण त्याच्या बाजूलाच उभी आहे."

दोघांना आत बोलावलं. भाऊ जालन्याकडचा, चाळिशीच्या आसपासचा. खांद्याला प्रवासाची बॅग तशीच. कुर्ल्याला गाडीतून उतरून थेट बहिणीच्या घरी गेला होता आणि तिथून तिला घेऊन ठाण्यात. बहीण मुलुंडमधल्या एका औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या गाळ्यात पॅकिंगचं काम करायची. नवरा वारलेला. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत ती आणि तिची आठ वर्षांची मुलगी अशा दोघीच राहायच्या.

भावानं मोबाईल पुढे केला. गावातल्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ होता. रिकामं ताट समोर ठेवून एक लहान मुलगी बसली आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आहे. मागून एका बाईचा हळवा आवाज सांगतो, "हिची आई हिला सोडून देवाघरी गेली. आता हिचं कुणी नाही. आज रात्री हिला जेवण मिळेल का, हे तुमच्या हातात आहे." शेवटी संस्थेचं नाव आणि देणगी पाठवण्याची सोय.

"ही माझी भाची, साहेब," भाऊ म्हणाला. "हिला फोन लावला तर बंद. शेजारच्या कुणाचा नंबर नाही. आमची आई घरात छाती बडवून घेतेय. मी मिळेल त्या गाडीनं निघालो. दार उघडलं तर ही समोर. हातात डबा घेऊन कामाला निघालेली."

फोन दुरुस्तीला टाकला होता, एवढीच गोष्ट.

बाई पुढे सरकली. मग म्हणाली, "साहेब, मला मेलेली दाखवलंय. असं कुणाला करता येतं का?"

मी म्हटलं, "नाही करता येत. बसा. तक्रार घेतो."

अशी प्रकरणं नवी नव्हती. कुणाचाही फोटो उचलायचा, आजारी नाहीतर अनाथ म्हणून पसरवायचा आणि लोकांच्या दयेवर चैन करायची, अशा टोळ्या आम्ही पाहिल्या होत्या. संस्था कागदावर, पत्ता खोटा, आणि चौकशी सुरू झाली की सगळे गायब. हेही त्यातलंच, असं मी धरून चाललो. सायबर कक्षाला पत्र गेलं. व्हिडिओ कुणी बनवला त्याचा माग अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओपर्यंत गेला आणि एका तरुणाला आम्ही चौकशीला बोलावलं.

पंचविशीचा मुलगा. चेहऱ्यावर भीती, पण बोलणं चटपटीत.

"सर, मी फक्त शूट केलं ना. मला काय माहीत कोण जिवंत, कोण नाही?"

"मुलगी कुठे मिळाली?"

"सेंटरवरच होती. बाकीच्या पोरांबरोबर."

"कुठलं सेंटर?"

त्यानं मुलुंडच्याच एका वस्तीचं नाव सांगितलं. त्या बाईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला ते खटकलं. फसवणारा माणूस इतक्या जवळ दुकान मांडत नाही.

"मुलीला रडवलं कसं?" मी विचारलं.

इतका वेळ पटापट उत्तरं देणारा मुलगा थांबला. "ग्लिसरीन लावलं, सर," तो म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. पंख्याखाली बसूनही त्याला घाम फुटला होता आणि तो माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत होता. खोटं बोलणारे बरेच जण डोळ्याला डोळा भिडवतात. खाली बघतो तो बहुधा लाजलेला असतो. मी त्याला बाहेर बसवलं.

मुलीचा जबाब घेणं गरजेचं होतं. आमच्या महिला उपनिरीक्षक साध्या वेशात तिच्या घरी गेल्या. आई समोर असताना, खेळत, गप्पा मारत त्यांनी तिला बोलतं केलं. परत आल्या तेव्हा खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग सांगितलं.

"सर, ती म्हणते, काकांनी रडायला सांगितलं. मला रडूच येत नव्हतं. मग काका म्हणाले, डोळे मीट आणि असा विचार कर की तुझी आई मेली."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्या दिवसापासून ती आईला सोडत नाही," उपनिरीक्षक पुढे म्हणाल्या. "शाळेत जायला तयार नाही. आई कामाला निघाली की ओढणी धरून ठेवते. आईला वाटत होतं, पोर हट्टी झाली. कारण आज कळलं तिला. माझ्यासमोरच."

संध्याकाळी मी स्वतः त्या सेंटरवर गेलो. गणवेश घातला नव्हता, सोबत फक्त हवालदार होता. कुलूप दिसेल किंवा चार खुर्च्या आणि एक बॅनर, अशी माझी अपेक्षा होती. दिसली ती एक लांबट खोली. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. एका कोपऱ्यात दोन तरुणी मुलांना गुणाकार शिकवत होत्या. दुसरीकडे मोठ्या पातेल्यातून खिचडी वाढली जात होती, वर कढी. पंगतीत पंचवीस-तीस मुलं. ती मुलं कॅमेऱ्यासमोर बसवल्यासारखी जेवत नव्हती. ती भांडत, सांडत, एकमेकांच्या ताटातला पापड पळवत जेवत होती. ते रोजचं होतं. ते खरं होतं.

संस्था चालवणाऱ्या बाई पुढे आल्या. साठीच्या आसपासच्या, निवृत्त शिक्षिका. मी ओळख सांगितली. त्यांनी कारण विचारलं नाही.

"व्हिडिओचं ना?" त्या म्हणाल्या. "त्या मुलाला सोडा. त्यानं केलं ते माझ्या सांगण्यावरून. आवाजही माझाच आहे."

दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात आल्या. वकील आणला नव्हता. संस्थेचा व्यवहार आम्ही तपासला. आलेली देणगी धान्यावर, गॅसवर, पुस्तकांवर खर्च झाली होती. बाईंच्या घरी काही गेलं नव्हतं.

"मग हे का केलंत?" मी विचारलं.

"आधी खरा व्हिडिओ केला होता, इन्स्पेक्टर साहेब. हीच मुलगी. ती हसत सांगते, माझी आई कंपनीत जाते, उशिरा येते, तोवर मी इथे अभ्यास करते आणि जेवते. कुणी काही दिलं नाही. उलट लोकांनी विचारलं, आई कमावते ना? मग आम्ही कशाला?" त्या पुढे म्हणाल्या, "खोली बंद करायची वेळ आली होती. मला वाटलं, एक वाक्य तर बदलायचंय. कुणाचं काय बिघडणार? तो व्हिडिओ गेला आणि मदत यायला लागली."

मी काही बोलण्याआधीच दार उघडलं. मुलीची आई आणि मामा जबाबावर सह्या करायला आले होते. आईनं बाईंना ओळखलं; तिच्यासाठी त्या वस्तीतल्या शिकवणीच्या बाई होत्या, व्हिडिओतलं संस्थेचं नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. बाई उठून उभ्या राहिल्या.

आई म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या पोरीला जेवायला घालता. मी तुमच्या पाया पडले असते. पण मी असताना तिला आई नाही म्हणालात. दिवसभर उभं राहून पॅकिंग करते मी. कुणासाठी?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"चुकलं म्हणून होत नाही. ती डोळे मिटायला घाबरते आता."

मामा चिडला होता. "साहेब, आत टाका हिला. ती खोली पण सील करा."

बहिणीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "दादा, तू गावी जाशील. उद्या संध्याकाळी माझी पोर कुठे बसेल?" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "साहेब, गुन्हा नोंदवा. मी तक्रार मागे घेत नाही. पण खोलीला कुलूप लावू नका."

पोलिसाच्या नोकरीत फिर्यादी दोनच गोष्टी मागतो असा माझा अनुभव होता. एक तर समोरच्याची जिरवा, नाहीतर मिटवून टाका. या बाईनं दोन्ही मागितलं नाही. तिला गुन्ह्याला गुन्हा म्हणायला हवा होता, आणि जे चांगलं चाललं होतं तेही चालू राहायला हवं होतं. कायद्याच्या चौकटीत हे बसवणं आमचं काम होतं.

आम्ही गुन्हा नोंदवला. खोटी माहिती देऊन देणग्या घेतल्याचा आणि मुलीची ओळख अशा रीतीनं उघड केल्याचा. व्हिडिओ जिथे जिथे सापडला तिथून काढायला लावला. संस्थांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला अहवाल पाठवला आणि त्यात हेही लिहिलं की मुलांचं जेवण आणि शिकवणी प्रत्यक्षात सुरू असून ती थांबवण्याचं कारण दिसत नाही. बाईंनी न्यायालयात आरोप मान्य केला. दंड झाला. संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं. स्टुडिओतल्या मुलालाही दंड झाला. जाताना तो मला म्हणाला, "सर, माझी पण आई आहे. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं." मी त्याला काही उपदेश केला नाही. तो त्याचा त्यालाच झाला होता.

पुढे काही महिने सेंटरची ओढाताण झाली. जुने देणगीदार रागावले, त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हा वस्तीतल्या बायकांनी स्वयंपाकाची पाळी वाटून घेतली. जवळच्या एका सोसायटीतले काही लोक स्वतः येऊन खोली बघून गेले आणि धान्याचं त्यांनी अंगावर घेतलं. मुलगी हळूहळू शाळेत जाऊ लागली. पहिले कित्येक दिवस आमच्या उपनिरीक्षक ड्युटीवर येताना तिला सोडून यायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी तपासाचं काही सांगत नाही. मी देणाऱ्यांबद्दल सांगतो. आपण सगळे दयाळू असतो, पण आपली दया फार अटी घालते. मूल पूर्ण अनाथ हवं, पूर्ण उपाशी हवं, रडणारं हवं. आई राबते आणि तरीही कमी पडतं, हे आपल्याला पुरेसं वाटत नाही. बाईंचा गुन्हा त्यांचा होता, त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. पण ते खोटं विकत घेणारे आपणच होतो. ओळखीचे लोक मला विचारतात, कुठल्या संस्थेला द्यावं? मी म्हणतो, एखाद्या कामाच्या दिवशी न सांगता जाऊन बसा. मुलांशी बोला, आणि त्यांच्या घरच्यांशी ओळख करून द्यायला सांगा. जी संस्था आईवडिलांना लपवत नाही, तिला द्या. आणि एकदा फसलात म्हणून देणं थांबवू नका, कारण त्याची शिक्षा फसवणाऱ्याला होत नाही.

माझी बदली झाली, त्या आठवड्यात मी सेंटरवर निरोप घ्यायला गेलो. नव्या मंडळींनी मदतीसाठी एक नवा व्हिडिओ केला होता, तो मला दाखवला. त्यात एकही मूल दिसत नव्हतं. फक्त ती बाई, गाळ्यातून सुटून थेट आलेली, केस विस्कटलेले. कॅमेऱ्याकडे सरळ बघत ती म्हणत होती,

"मी एका मुलीची आई आहे. मी कामाला जाते. मला यायला उशीर होतो. तेवढा वेळ माझ्या पोरीला बघा. बाकीचं मी बघते."