धुतलेली बाटली

आजही मिरजेच्या कोणत्याही रुग्णालयात फिनेलचा उग्र वास आला की मला तो दिवस आठवतो आणि संताप जसाच्या तसा उसळतो. धाकट्या भावाच्या थुंकीच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने आईच्या हाती एक बाटली दिली होती; सूचना मात्र एकही दिली नव्हती. मेढ्याकडची माझी आई, न धुतलेल्या भांड्यातून कोणाला काही देणे असभ्य मानणारी. अहवाल आला: जंतूंची वाढ नाही. क्षय नाही असे ठरले, औषध सुरू झाले नाही आणि खोकला वाढत गेला.

प्रयोगशाळेत पुन्हा गेलो तेव्हा आई तिथल्या तंत्रज्ञाला म्हणाली, "आवं साहेब, बाटली तर मी फिनेलनं धुवून दिली हुती."

तो हसला. "आजी, जंतू मारूनच आणलं की तुमी."

"धुवायची नाही, हे आपण सांगितले होते काय?" मी विचारले.

"सगळ्यांना सांगत बसलो तर काम कवा करायचं?"

तेव्हा तो मला केवळ उद्धट वाटला. आज मी त्याच्या त्या वागण्यास निष्काळजीपणाचा गुन्हाच म्हणतो. दुसऱ्या नमुन्यात जंतू सापडले, तोवर भावाने अंथरूण धरले होते. त्यातून तो उठला नाही. आई अखेरपर्यंत स्वतःलाच दोषी धरत राहिली आणि तिला दोषमुक्त करणारा एक शब्दही प्रयोगशाळेतल्या कोणी उच्चारला नाही.