न बांधलेली बाल्कनी

आमच्या दाजींना भेटून ज्याला धक्का बसला नाही, असा माणूस उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात अजून जन्माला यायचाय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथ पूर्वेला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं काढायचे, तीही बांधून झालेल्या नव्हे, होणाऱ्या इमारतींची. त्यामुळे असलेलं काही त्यांच्या नजरेला पडायचं नाही आणि नसलेलं सगळं लख्ख दिसायचं. ताईला बघायला आमच्या घरी आले तेव्हा तिच्याकडे न बघता ते छताकडेच बघत बसले होते. चहाचा कप खाली ठेवून बाबांना म्हणाले, "हा बीम वाकलाय. तुम्ही इथे बसू नका." बाबा जे हबकून उठले ते पाहुणे जाईपर्यंत दारातच उभे राहिले. ताईने मात्र त्याच संध्याकाळी होकार दिला. तो धक्का आम्हाला अजून पचलेला नाही.

एकदा दाजी मला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात एका मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेले. गुडघाभर गवत, एक डबकं आणि एक म्हैस, एवढाच ऐवज. ते मधे उभे होते म्हणून मी सरळ चालत त्यांच्याकडे निघालो, तर केवढ्याने ओरडले, "अरे, भिंतीतून काय येतोस! दरवाजा आहे ना तिकडे!" मी दचकून मागे सरलो आणि, आता लपवत नाही, वळसा घालून दरवाजातून आत गेलो. "आता तू किचनमध्ये आहेस," दाजी समाधानाने म्हणाले. म्हैस हॉलमध्ये होती. तिला ते काही बोलले नाहीत, बहुधा पाहुणी हॉलमध्येच बसते म्हणून.

इकडे ताई दाजींबरोबर उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. खाली मशिनी सुरू झाल्या की वर लादी थरथरायची. बुद्धवंदनेला लावलेली मेणबत्ती चालत चालत फळीच्या टोकाशी यायची आणि ताई डोळे मिटलेलेच ठेवून एका हाताने तिला मागे ढकलायची. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, स्वतःचं आणि न हलणारं घर. म्हशीच्या त्या प्लॉटवर इमारत होणार होती आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाजींनी मनातल्या मनात कधीच सजवला होता. पण कर्ज दोघांच्या नावावर काढायचं होतं आणि ताई सही करायला तयार नव्हती. "तुम्हाला दिसतं हो. मला नुसतं गवत दिसतं. मला दिसेल तेव्हा सही करीन," ती म्हणाली.

साध्या नवऱ्याने नकाशा दाखवला असता. दाजींनी जुन्या हेल्मेटवर वेबकॅम बसवला, त्याची लांबलचक वायर लॅपटॉपला जोडली, लॅपटॉप एका पेरूवाल्याच्या हातगाडीवर ठेवला आणि उन्हात स्क्रीन दिसावा म्हणून वर काळी छत्री धरायला मला उभं केलं. एका मोठ्या चौकोनी प्लायवूडवर जाड काळी चौकट आणि मधे एक खूण रंगवून तो बोर्ड त्यांनी प्लॉटच्या मध्यावर, चार कोपऱ्यांना चार विटा लावून, आडवा टाकला. मग हेल्मेट घालून त्याच्याकडे पाहिलं. लॅपटॉपवर त्या रिकाम्या जागी चार मजली इमारत उभी! डबकं तिथेच, मागचा विजेचा खांब तिथेच, आणि मधे इमारत. दाजी बाजूला चालत गेले की तिची दुसरी बाजू दिसायची. पेरूवाला "आयला!" म्हणून गाडी टाकून पळाला. मीही पळालो असतो, पण माझ्या हातात छत्री होती.

"याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात," दाजी म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला रोज दिसतं ते."

पुढच्या रविवारी बिल्डरने गिऱ्हाइकं बोलावली. ताईही आली होती. उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले सेठ सगळ्यांत आधी छत्रीखाली वाकले आणि किंचाळले, "अरे साईं! दरवाजा तो साउथ में है!" दक्षिणेला दार म्हटल्यावर निम्मी माणसं तिथल्या तिथे चपला झटकून निघाली. आम्हा बौद्ध लोकांना दिशेचं काही नसतं, पण बिल्डरचा चेहरा पाहून मीही छत्री घट्ट धरली. दाजी तर पांढरेफटक पडले. दरवाजा त्यांनी पूर्वेला काढला होता. चौकशी केल्यावर कळलं की गवत काढायला आलेल्या बारवी धरणाकडच्या बायकांनी जेवताना सावलीला तो बोर्ड उभा केला होता आणि जेवण झाल्यावर नीट परत ठेवला होता. "जागंवरच ठेवलाय, दादा. चारी कोन बसलंत बगा," त्यातली एक म्हणाली. खरंच बसले होते. चौकोनच तो, कसाही ठेवला तरी बसणार! मधली खूण मात्र फिरली होती आणि खुणेबरोबर इमारत. दाजींनी हात जोडले, बोर्ड पाव वळसा फिरवला आणि स्क्रीनवर चार मजल्यांची अख्खी इमारत गर्रकन फिरली. सेठ हातगाडीच्या कडेवर मटकन बसले. "ऐसे घुमा सकते हो? फिर मेरी दुकान भी घुमा दो ना," म्हणाले.

गर्दी परत फिरली आणि मग ताई छत्रीखाली आली. ती बराच वेळ बघत राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत हिरव्या साडीतली एक बाई कपडे वाळत घालत होती.

"ही कोण?"

"तू," दाजी म्हणाले.

मी वाकून पाहिलं. दोरीला हात लावताना ताईचा डावा खांदा किंचित वर जातो, तस्साच तो गेला होता. ज्या माणसाने हिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही असं आम्ही सगळे समजत होतो, त्याने हे कधी पाहिलं?

"आणि तुम्ही कुठे?" ताईने विचारलं.

"मी? मी इथे. माझ्या डोक्यावर कॅमेरा आहे ना."

"ते आत्ता. राहायला गेल्यावर कुठे?"

दाजींना धक्का बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इमारतीत प्रत्येक नळ, प्रत्येक स्विच काढणाऱ्या या माणसाला स्वतःची आठवणच झाली नव्हती. त्यांनी ओशाळून मान खाली घातली, तसा बोर्ड कॅमेऱ्यातून निसटला आणि स्क्रीनवर नुसतं गवत उरलं.

"मान वर करा," ताई हळूच म्हणाली. "घर गेलं."

दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

इमारत झाली, अगदी स्क्रीनवर होती तशीच. पण त्या यंत्राची हकिगत सेठांनी दुबईतल्या आपल्या पुतण्याला सांगितली आणि त्याने दाजींना नोकरीला बोलावून घेतलं. कर्ज डोक्यावर होतंच. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेले दाजी अजून तिथेच, दुसऱ्यांची घरं तिसऱ्यांना दाखवत हिंडतायत. ताई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मला याचं फार वाईट वाटतं. ताईला तसं म्हटलं की ती विषय बदलते.

रविवारी त्यांचा फोन येतो, नुसता आवाजाचा. मागे एकदा मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा ताई भाकऱ्या थापत होती. दाजींनी पलीकडून विचारलं, "बाल्कनीत आहेस?" ताईने गॅस बंद केला, पिठाच्या हातांनी फोन धरून बाहेर गेली आणि नीट उभी राहिल्यावरच म्हणाली, "हो, आहे."

मग मोकळा हात तिने वाळणाच्या दोरीवर ठेवला. दाजींनी फोन ठेवेपर्यंत ताई तिथून हलली नाही.