एका घावात नवं वर्ष

जपानच्या कॉन्सुल साहेबांना माझ्या वडिलांनी भर समारंभात आंघोळ घातली. ती पाण्याची नव्हती. आणि दोष वडिलांचा नव्हता, माझा होता. आमच्या घरी ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला वेगवेगळी सांगितली जाते, म्हणून एकदा आहे तशी लिहून ठेवतो.

आमचं गाव विट्याजवळ. दहावीच्या पुढे शिकणारा घरातला मी पहिलाच. सांगलीला कॉलेजात आहे, आणि संध्याकाळी जपानी भाषेच्या वर्गाला जातो. आमच्याकडची माणसं सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, दुकानांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यात जातात. त्यामुळे मी जपानी शिकतोय म्हटल्यावर गावात एकच प्रश्न येतो, ‘तिकडंबी गलाई चालती का?’ मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात जपानी इंजिनिअर आहेत, बायकामुलांसह. त्यांच्यासाठी जानेवारीत मुंबईच्या जपानी वकिलातीतून कॉन्सुल साहेब येतात आणि एका हॉटेलात दुपारी नववर्षाचा स्वागत समारंभ होतो. त्या वर्षी इथल्या माणसांनाही बोलवायचं ठरलं, म्हणून आमच्या जपानीच्या मॅडमनी दुभाष्याच्या कामासाठी दोन विद्यार्थी निवडले. एक ऋतुजा, दुसरा मी. काम बघून दोघांपैकी एकाची सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी जपानला शिफारस होणार होती. त्या आठवड्यात मी झोपेतसुद्धा जपानीतून आभार मानत होतो.

मॅडम म्हणाल्या, “घरचं एखादं माणूस आणलंत तरी चालेल.”

आमच्याकडे एखादं माणूस नसतंच. आण्णा म्हणजे माझे वडील म्हणाले, जोड्यानं गेल्याशिवाय शोभत नाही. म्हणजे आई आली. मग मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून गुळाची दहा किलोची ढेप आली. ती खांद्यावर घेऊन आण्णा कराडमार्गे एसटीनं साताऱ्याला पोचले आणि हॉटेलच्या दारातच त्यांनी ती कॉन्सुल साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ढेपेसकट कमरेत वाकून नमस्कार केला. पाहुणा आपल्यापेक्षा जास्त वाकतोय हे आण्णांना पटलं नाही, ते त्याच्याही खाली वाकले. साहेब आणखी वाकले. शेवटी मॅडमनी ढेप काढून घेतली तेव्हा दोघे सरळ झाले. (साहेबांना जरा वेळ लागला.)

एवढ्यावर निभावलं असतं. पण साहेबांना आण्णा इतके आवडले, की पिंप उघडायच्या पाच मानकऱ्यांत त्यांनी आण्णांना घेतलं.

हे पिंप काय ते सांगतो. जपानी लोक शुभकार्याला साकेचं लाकडी पिंप उघडतात. साके म्हणजे तांदळाची दारू. झाकण आधीच सैल करून ठेवलेलं असतं. मानकरी लाकडी मोगरीनं त्याच्यावर हलकेच टकटक करतात, झाकण उघडतं, आणि सगळ्यांना घोटघोट वाटतात.

हे आई-आण्णांना समजावून सांगणं माझं काम होतं. पण आईनं मला सांगलीला पाठवताना एकच अट घातली होती, दारूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ज्या देशात वर्षाची सुरुवातच दारूच्या पिंपानं होते, तिथे ती मला सहा महिने पाठवणार? मी घाबरलो.

“त्यात काय हाय रं?” आईनं विचारलंच.

“तांदळाचं तीर्थ,” मी म्हणालो.

“आन् मोगरी कशाला?” आण्णांनी विचारलं.

“आपण नारळ फोडतो ना आण्णा, तसंच.”

या भाषांतराचा मला अभिमान वाटला. आता वाटत नाही.

गावात ट्रॅक्टर आला, बोअर मारली, दुकान उघडलं, की नारळ फोडायला आण्णांना बोलावतात. त्यांचा नारळ एका घावात फुटतो. दुसरा घाव लागला तर अपशकुन. आजवर त्यांना दुसरा घाव लागलेला नाही, आणि हा लौकिक परदेशी पाहुण्यांसमोर घालवायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

त्यांनी चपला काढल्या. ते बघून साहेबांनी आदरानं बूट काढले. मग कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी काढले. असे पाचही मानकरी अनवाणी उभे राहिले. आण्णांनी बाह्या सारल्या. मॅडमनी मला दुरून हातानं ‘हळू’ अशी खूण केली. मला ती समजली होती. पण नारळ हळू कसा फोडतात, असं आण्णांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? ती खूण मी माझ्यापाशीच ठेवली.

एक, दोन, तीन म्हटल्यावर चार मोगऱ्या अलगद टेकल्या. पाचवी आभाळातून आली!

झाकण सैलच होतं, त्यामुळे मोगरी आणि मागोमाग आण्णांचा हात कोपरापर्यंत आत गेला. आतली साके बाहेर आली. ती साहेबांच्या चष्म्यावर, सुटावर आणि मोज्यांवर गेली, झाकणाची एक फळी उडून माशांच्या ताटात पडली. हात बाहेर काढून आण्णा समाधानानं म्हणाले, “फुटला. एका घावात.”

आणि साहेबांची एक बाजू कोरडी दिसली म्हणून त्यांनी ओंजळभर तीर्थ तिच्यावरही शिंपडलं. आईला दिलं. आईनं भक्तिभावानं घोट घेतला, ओला हात केसांवरून फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही.

साहेबांनी मला शांतपणे विचारलं, वडील काय म्हणाले? मी सर्वांत आदरार्थी जपानीत माफी मागितली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा माफी मागितली, पहिलीपेक्षा लांब. तेव्हा ऋतुजा पुढे आली आणि तिनं साध्या वाक्यांत सांगून टाकलं की यांच्या गावात एका घावात फुटलं तर वर्ष चांगलं जातं, आणि हा नारळ आहे असं यांच्या मुलानं यांना सांगितलं होतं. साहेबांनी चष्मा पुसला आणि हसायला सुरुवात केली. मग हॉल हसला. जपानी मुलं तीर्थ शिंपडून घ्यायला आण्णांसमोर रांगेत उभी राहिली.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, “दारू व्हती न्हवं?”

“तांदळाची होती,” मी म्हणालो.

“मग जोंधळ्याची असती तरबी तीर्थ म्हणूनच पाजली असतीस का?”

आण्णा इतका वेळ हात हुंगत होते. ते म्हणाले, “आरं, दारूचं पिंप हाय म्हणला असतास तर मी लांबनंच हात जोडलं असतं. साहेबाचा कोट तरी वाचला असता.”

“आवं, कोटाचं काय घिऊन बसलाय,” आई म्हणाली, “खरं सांगून जपानला जातो म्हणला असता ह्यो, तर मी न्हाई म्हणणार हुते व्हय?”

हे मला आधी कुणी सांगायला काय झालं होतं?

दुभाष्याचं काम सांगायचं असतं, झाकायचं नाही, एवढंच मॅडम म्हणाल्या. शिफारस ऋतुजाची झाली. ती सहा महिने जपानला राहूनही आली.

या जानेवारीत समारंभाचं पुन्हा आमंत्रण आलंय, आण्णा आणि आईच्या नावानं. पाकीट मीच फोडलं, कारण घरात जपानी मलाच वाचता येतं. आण्णांना मानाची मोगरी राखून ठेवली आहे, दुभाषी म्हणून ऋतुजा हजर राहील, असं त्यात लिहिलंय. माझं नाव कुठेच नाही. पण अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, ड्रायव्हरच्या जेवणाची सोय मागच्या दाराशी केली आहे.

गाडी चालवायला मी परवापासून शिकतोय.