सोनेरी गोळ्यातलं नाव

माझे सासरे वासुदेव शिळीमकर गवंडी होते. एवढं साधं वाक्य लिहायला मला लग्नानंतर बारा वर्षं लागली, आणि लिहिलं तेव्हा ते वाचायला ते उरले नव्हते.

भोर तालुक्यातल्या एका खेड्यातला त्यांचा जन्म. आठव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली चुना भिजवायला लागले आणि पुढची पन्नास वर्षं विहिरी, शाळेच्या भिंती, देवळांचे ओटे बांधत राहिले. त्यांनी बांधलेल्या शाळेच्या दारात कोनशिला आहे. तिच्यावर उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचं नाव आहे, सभापतींचं आहे, झालंच तर हार घेऊन उभ्या राहिलेल्या सरपंचांचंही आहे. गवंड्याचं नसतं. याच कमाईवर त्यांनी सत्यजितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इंजिनिअर केलं. सत्यजित जर्मनीत रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि आम्ही शहराबाहेर वाइलबाख नावाच्या लहानशा गावात घर भाड्याने घेतलं.

मी पुण्याची. जर्मन शिकलेली, फाडफाड बोलणारी, आणि नाक जरा जास्तच वर असलेली. रेगेन्सबर्गच्या मराठी मंडळींतल्या पहिल्याच गणपतीला मीनलने विचारलं, "सासरे काय करतात गं?" तिचे स्वतःचे सासरे न्यायाधीश. माझ्या तोंडून निघून गेलं, "पीडब्ल्यूडीत इंजिनिअर होते." सत्यजित शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं आणि तो मोदक खात राहिला. नवऱ्याला दोष देऊन माझा कमी होणार नाही, पण तो मोदक मी विसरलेले नाही.

२००६च्या मे महिन्यात सासरे, आमचे बाबा, तीन महिन्यांसाठी आले. ते फुटबॉलच्या विश्वचषकाचं वर्ष, खिडक्याखिडक्यांतून झेंडे लागलेले. बाबांना त्यात रस नव्हता. चौथ्या दिवशी ते फिरायला गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत परतले नाहीत. मी शोधत गेले तर आमच्या घरामागच्या शेतातल्या चॅपलपाशी सापडले. वाळूच्या ढिगाशेजारी उकिडवे बसून बोटांवर चुना चोळत होते.

ते चॅपल संत लिओनार्डचं, म्हणजे गुराढोरांच्या राखणदाराचं. मिठाच्या गाड्या हाकणाऱ्यांनी ते तेराव्या शतकात बांधलं असं गावात सांगतात. दोनशे वर्षांपूर्वी ते सरकारने विकलं आणि एका शेतकऱ्याने त्यात गवत भरलं. १८६८ साली गावाने परत घेऊन डागडुजी केली. मग आपल्याच काळात, साठच्या दशकात, कुणा शहाण्याने त्याच्या जुन्या भिंतींना सिमेंट फासलं. ओल आत कोंडली आणि वेदीमागचं जुनं चित्र पापुद्रे सुटून गळायला लागलं. आता ते सिमेंट काढून पुन्हा चुना लावायचं काम चाललं होतं. गावातला गवंडी क्साव्हर प्र्युकल हे करत होता. वय पंचावन्न, सगळी हयात सिमेंटमध्ये गेलेली. चुन्याचा गिलावा उन्हाने तडकत होता आणि तो चुन्याला शिव्या घालत होता.

"सूनबाई, त्याला सांगा," बाबा म्हणाले, "चुना अजून कच्चा हाय. आन् भिंत उघडी ठेवू नका म्हनावं. गोनपाटं भिजवून लावा वरनं. तिला वाळायची घाई न्हाय, आपल्यालाच हाय."

मी सांगितलं. तेवढ्यात जीर्णोद्धार मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका फ्राऊ आयग्नर सायकलवरून आल्या. "अस्सं! यांना एवढी माहिती कशी? यांचा व्यवसाय काय?"

तिथे मीनल नव्हती. आमच्या मंडळींतलं कुणीच नव्हतं. तरी मी म्हणाले, "इंजिनिअर." खोटं एकदा तोंडात बसलं की ते आपलं आपणच बोलायला लागतं. क्साव्हरने बाबांच्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो गोणपाटं शोधायला गेला.

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी डबा घेऊन चॅपलवर जायला लागले. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती. तरी दुपारपर्यंत दोघांची भिंत एका हाताने केल्यासारखी दिसायची. क्साव्हरने छातीवर हात ठेवून "माउरर" म्हटलं, मग थापीकडे बोट दाखवलं, मग बाबांच्या छातीकडे. बाबांनी मान डोलावली. जर्मनीत ते एवढा एकच शब्द शिकले. घरी येऊन मला म्हणाले, "माउरर म्हंजी गवंडी. व्हय ना?" मी "हो" म्हणाले आणि गॅस बारीक करायला आत गेले.

चॅपलच्या छपरावर छोटा मनोरा आहे आणि त्याच्या टोकावर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा गोळा. तिकडची रीत अशी की डागडुजी झाली की काम करणाऱ्यांची नावं कागदावर लिहून त्या गोळ्यात घालायची आणि गोळा डाक लावून, म्हणजे सांधा वितळलेल्या धातूने जोडून, बंद करायचा. तो उघडतो पुढच्या डागडुजीला, शंभर-दीडशे वर्षांनी. जूनमध्ये त्यांनी जुना गोळा उतरवला. आत १८६८चा कागद होता. त्यावर त्या वर्षी गारा पडल्याची नोंद होती, सुताराचं नाव होतं, आणि गवंडी म्हणून योहान प्र्युकल, क्साव्हरचे खापरपणजोबा. क्साव्हर ते नाव वाचून डोळे पुसत होता. बाबांना मी अर्थ सांगितला, तर ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी इराच्या वहीतलं एक पान मागून घेतलं. इरा माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. त्या पानावर त्यांनी पेन्सिलने सावकाश लिहिलं: वासुदेव रामजी शिळीमकर, गवंडी, तालुका भोर. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "सूनबाई, आजवर तुमाला काय मागितलं न्हाय. एवढं त्यात घाला. माझं नाव कुठं लागलं न्हाय कधी. आन् गवंडी लिवा बरं का. नुसतं नाव कुनाला काय कळनार?"

"घालते बाबा," मी म्हणाले. आणि तेव्हा मी ते मनापासून म्हणाले होते.

समारंभ जुलैतल्या एका रविवारी होता. मीनल आणि तिचा नवरा येणार हे मला शनिवारी कळलं. सत्यजितनेच बोलावलं होतं, बाबांचं काम दाखवायला. बापाचा अभिमान त्यालाही होता, फक्त तो तोंडाने बोलत नव्हता. रविवारी मी सिल्कची साडी नेसले. बाबांचा कागद पर्समध्ये होता.

फ्राऊ आयग्नर छापील यादी घेऊन माझ्याकडे आल्या. मीनल माझ्या खांद्याला खांदा लावून उभी, बाबा पलीकडे गर्दीत. यादीत वर कारागिरांची नावं होती. खाली "सन्माननीय साहाय्यक" या मथळ्याखाली एकच नाव: इंजिनिअर वासुदेव शिळीमकर, भारत.

"नाव बरोबर लिहिलंय ना? एकदा नीट बघून घ्या," त्या म्हणाल्या. "आता डाक लावली की झालं. पण बदल करायचा तर अजून वेळ आहे, छापायचं मशीन माझ्या घरात आहे."

मीनलने वाकून वाचलं. "वा! इंजिनिअर वासुदेव शिळीमकर!" ती म्हणाली.

मी यादी वाचली. पर्सची चेन माझ्या बोटाखाली होती. मी म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर आहे."

छापील कागद गोळ्यात गेला, बाबांचा पर्समध्येच राहिला, डाक लागली, बँड वाजला, दोराने गोळा वर चढला. मीही टाळ्या वाजवत होते.

दुपारी घरी जेवताना बाबांनी विचारलं, "सूनबाई, नाव लावलं ना?"

"हो बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी भात मागितला.

पुढच्याच आठवड्यात ते गावी परतले. २००९च्या मार्चमध्ये झोपेतच गेले. आम्ही दोघं पोचलो तेव्हा दहावा होता. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण मला बघून उठून उभा राहिला. "तुमीच ना त्या सूनबाई? वासुदेवदा येईल त्याला सांगायचा. जर्मनीत देवळाच्या कळसात माझं नाव हाय, गवंडी म्हनून. माझ्या सूनबाईनं लिवून घातलं. आमच्या वस्तीत असा मान कुनाला न्हाय मिळाला." मी हात जोडले. दुसरं काय करणार होते? मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं?

मी वाइलबाखला परतले आणि दुसऱ्या दिवशी चॅपलवर गेले. क्साव्हर कुंपणाची भिंत रचत होता. बाबा गेल्याचं मी सांगितलं, तर त्याने टोपी काढली. त्याच्यामागे ती दोघांनी केलेली पांढरी भिंत होती. तिला अजून एक भेग नव्हती. मला एकदाचं कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं होतं. म्हणाले, "क्साव्हर, ते इंजिनिअर नव्हते. गोळ्यातल्या कागदावर मी खोटं लिहू दिलं. त्यांना ते कधी कळलं नाही."

क्साव्हरने टोपी हातात फिरवली. "हो, माझ्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं," तो म्हणाला. "आणि वासुदेवलाही माहीत होतं. डाक लावायच्या आधी तो माझ्यापाशी आला. छापील कागदावर बोट ठेवून त्याने विचारलं, माउरर? मला खोटं बोलता येईना. मी मान हलवून म्हटलं, नाइन. इंजेनिऊर."

"मग?"

"मग काही नाही. तुमच्याकडे बघत उभा राहिला. तुम्ही त्या मैत्रिणीशी बोलत होता."

म्हणजे जेवताना त्यांनी "लावलं ना?" विचारलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या "हो बाबा"वर ते "बरं झालं" म्हणाले, आणि मग गावी जाऊन पावणेतीन वर्षं येईल त्याला सांगत राहिले की माझ्या सूनबाईनं लिहून घातलं.